नोंद कुठे राहते: तार, पोलरॉइड आणि लेझरची वही

३ जानेवारी

विज्ञान दिनाला बरोबर आठ आठवडे उरले. अकरावीच्या दोघांनी यंदा क्वांटमच, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म जगाचं भौतिकशास्त्रच हवं म्हणून हट्ट धरला आहे. क. काटोलची, वसतिगृहात राहते. म. इथलाच, नागपूरच्या महाल भागातला. वहीत त्यांना याच अक्षरांनी लिहीन.

म. पोस्टरचा कच्चा आराखडा घेऊनच आला. वर मोठ्या अक्षरांत ‘दृष्टी तशी सृष्टी’. खाली दोन फटी, त्यांतून जाणारे इलेक्ट्रॉन आणि शेजारी पापण्यांसकट काढलेला एक डोळा. डोळा उघडा असला की पडद्यावर दोन ढीग, मिटला की पट्टे. हे चित्र सगळीकडे फिरतं, त्यानं ते मोबाइलवर पाहिलेलं.

“आपण पाहिलं की कण, नाही पाहिलं की लाट. म्हणजे जग आपल्या पाहण्यावरच उभं आहे न मॅडम?”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो डोळा मला कित्येक वर्षांपासून खटकतो. अभ्यासक्रमात नाही म्हणून दर वर्षी पुढे सरकते. यंदा या मुलांसोबत त्याचा निकाल लावायचा. पण तोंडी सांगून नाही. आधी प्रयोग, मग पोस्टर, असं ठरलं.

६ जानेवारी

दोन फटीच पाहिजेत असं नाही. थॉमस यंगनं १८०३ मध्ये सूर्यप्रकाशाच्या बारीक झोतात इंचाच्या तिसाव्या भागाएवढी पुठ्ठ्याची पट्टी धरली होती. पट्टीच्या डावीकडून आणि उजवीकडून आलेला प्रकाश मागे एकत्र आला आणि सावलीतच पट्टे उमटले. एक बाजू झाकली की पट्टे गेले.

आम्ही पुठ्ठ्याऐवजी लवचिक वायरीतली तांब्याची एक तार घेतली. स्क्रू गेजवर ०.२० मिमी. भिंत ४ मीटरवर, लेझर पेनावर लिहिलेली तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे पट्ट्यांमध्ये १३ मिमी अंतर यायला हवं. दहा अंतरं मिळून १२८ मिमी भरली. उलट गणित केलं तर ६४० नॅनोमीटर. क.नं हे स्वतः काढलं. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्यानं बोलली: “इतकी छोटी लांबी, आन् फूटपट्टीनं मोजली आपण!”

१० जानेवारी

पोलरॉइडचा शोध. ही फिल्म एकाच दिशेत, तिच्या अक्षाच्या दिशेत थरथरणारा प्रकाश पुढे सोडते. विकत घेण्यापेक्षा सीताबर्डीवर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तडकलेला मॉनिटर काढून दिला, पैसे घेतले नाहीत. “घेऊन जा न मॅडम, फेकाचंच होतं.”

एलसीडीच्या काचेला पुढून एक आणि मागून एक अशा दोन पोलरॉइड फिल्म चिकटवलेल्या असतात. पुढची निघाली, पण तिच्यावर चकाकी मारणारा खरखरीत थर असतो. तिच्यातून लेझर सोडला तर भिंतीवर नुसतं धुकं. मागची साफ निघाली. गोंद स्पिरिटनं पुसता पुसता संध्याकाळ झाली. अक्ष कुठल्या दिशेला हे ओळखायला व्हरांड्याच्या गुळगुळीत फरशीवरची तिरपी चकाकी पाहायची: फिल्म फिरवताना चकाकी विझली की अक्ष उभा. फरशीवरून तिरपा परतणारा प्रकाश मुख्यतः आडवा ध्रुवित असतो, म्हणजे आडव्या दिशेत थरथरतो, म्हणून. मुलं अर्धा तास फरशीच पाहत बसली होती.

१७ जानेवारी

आठवडा वाया गेला, म्हणजे मुलांच्या मते. माझ्या मते नाही.

करायचं असं होतं: तारेच्या डावीकडे उभ्या अक्षाची फिल्म, उजवीकडे आडव्या अक्षाची. मग डावीकडून गेलेल्या प्रकाशावर ‘उभा’ अशी खूण बसते आणि उजवीकडच्यावर ‘आडवा’ अशी. अडचण सांध्याची. दोन तुकड्यांमधली फट तारेच्या जाडीच्या आत, ०.२ मिमीच्या आत लपली पाहिजे, नाहीतर त्या फटीतून खूण न लागलेला प्रकाश सुटतो. कात्रीनं कापलं तर कड दाताळ येते. नवं ब्लेड आणि लोखंडी पट्टी लागली. आठ तुकडे फुकट गेले. म.नं संक्रांतीनंतर गच्चीवर अडकलेला नायलॉनचा मांजाही लावून पाहिला, पण तो पारदर्शक, प्रकाश त्याच्या पोटातूनच जातो. तारच बरी.

शेवटी क.ची युक्ती चालली. आधी तार ताणून चिकटवायची, खालचं टोक आधी, मग वरचं. त्यानंतर दोन्ही तुकडे तारेला दोन्हीकडून टेकवायचे. सांधा तारेमागे आपोआप येतो. आम्ही उलट्या क्रमानं करत होतो.

२४ जानेवारी

आज झालं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा डावी बाजू लख्ख आणि उजवी जवळजवळ अंधारी. लेझर पेनाचा प्रकाश मुळातच बराचसा एका दिशेत ध्रुवित असतो, हे मी विसरले होते. पेन ४५ अंशांत फिरवलं, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आणि भिंतीवर पट्टे नाहीत. नुसता लांबट, सपाट लाल पट्टा.

मग तिसरा पोलरॉइड तारेच्या पुढे, भिंतीच्या बाजूला, ४५ अंशांत धरला. पट्टे परत आले.

म. काही बोललाच नाही. क. म्हणाली, “पुसलेलं पुन्हा उमटलं.” मग मी तो पोलरॉइड दुसऱ्या बाजूला ४५ अंशांत फिरवला. पट्टे तेव्हाही आले, पण जिथे उजेड होता तिथे अंधार आणि अंधाराच्या जागी उजेड. पेन्सिलीनं भिंतीवरच्या कागदावर दोन्ही वेळच्या खुणा केल्या. पहिल्याचे उजळ पट्टे दुसऱ्याच्या काळ्या पट्ट्यांवर बसतात. दोन्ही एकत्र केले की पुन्हा तोच सपाट लाल पट्टा.

हे दुसरं निरीक्षण पोस्टरवर हवंच. ‘नंतर खूण पुसली की आधी घडलेलं बदलतं’ असं लोक या प्रयोगाबद्दल सांगतात. काही बदलत नाही. सपाट पट्ट्यात पट्ट्यांचे दोन संच एकात एक मिसळून पडलेले असतात, तिरपा पोलरॉइड त्यातला एक निवडून दाखवतो.

आणि सबंध वेळ आम्ही तिघंही भिंतीकडे टक लावून पाहत होतो. पट्टे असताना आणि नसतानाही. डोळे काही मिटले नव्हते.

३१ जानेवारी

क.नं मला अडवलं, आणि बरोबर अडवलं. तिनं पुस्तकात वाचलं की काटकोनात ध्रुवित असलेले दोन प्रकाश पट्टे करत नाहीत, हे फ्रेनेल आणि आरागो यांनी दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. “मग मॅडम, यात क्वांटम कुठे आहे? ही तर नुसती लाट झाली.”

खरं आहे. आमच्या भिंतीवर जे दिसतं ते लाटांच्या गणितात पूर्ण बसतं. हे लपवून प्रदर्शनात उभं राहणं मला जमणार नाही. म्हणून आज फळ्यावर हिशोब केला. लेझर १ मिलिवॅटचा धरला तर सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात. ४ मीटर जायला प्रकाशाला १३ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे पेनापासून भिंतीपर्यंत कुठल्याही क्षणी ४ कोटींहून जास्त फोटॉन वाटेवर असतात. या गर्दीत एकट्याचं काय होतं ते कळायचं नाही.

एकेकटा सोडला तर? केंब्रिजमध्ये जी. आय. टेलरनं १९०९ मध्ये ज्योत काजळी धरलेल्या काचांमागे इतकी मंद केली की उजेड मैलभराहून थोड्या लांबच्या मेणबत्तीइतका उरला. सुईच्या सावलीचा फोटो घ्यायला त्याला सुमारे २००० तास लागले. पट्टे तसेच्या तसे. पण नुसता मंद प्रकाश म्हणजे एकेक फोटॉन असं होत नाही, म्हणून खरा पुरावा १९८६ चा. फ्रान्समध्ये ग्रँजिए, रॉजे आणि आस्पे यांनी कॅल्शियमच्या अणूतून जोडीनं निघणारे फोटॉन वापरले. जोडीतला एक सापडला की दुसरा वाटेवर आहे हे कळतं. अर्धपारदर्शक आरशावर तो दोन्हीकडे वाटला जात नाही, एकाच बाजूला सापडतो. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या की असे एकेकटे फोटॉन मिळून पट्टे रचतात.

आता पट्टे नसण्याला वेगळा अर्थ येतो. एकटाच फोटॉन आहे, त्याला भांडायला दुसरा फोटॉन नाही. तो कुठून गेला याची खूण त्याच्यावर राहते, त्याच्या ध्रुवणात. ती खूण आम्ही वाचलेली नाही. वाचायचं यंत्रही लावलेलं नाही. ती वाचता येण्यासारखी आहे, एवढ्यानंच पट्टे जातात.

बोर्डांचं वेळापत्रक लागलं. अंधारी खोली परीक्षेसाठी द्यावी लागणार. सामान जिन्याखालच्या कोठीत हलवलं.

७ फेब्रुवारी

म.चा नवा मुद्दा: “पाहायचं म्हणजे उजेड टाकायचा. उजेडाचा धक्का लागतो, म्हणून पट्टे मोडतात. साधी गोष्ट आहे.”

हायझेनबर्गनं १९२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाचं उदाहरण देऊन जवळपास हेच सांगितलं होतं, म्हणून मुद्दा हलका नाही. पण १९९८ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या गटानं रुबिडियमचे अणू दोन वाटांनी पाठवले आणि वाटेची खूण अणूच्या आतल्या अवस्थेत, सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्हनं) नोंदवली. त्याचा धक्का पट्टे मोडायला लागेल त्याहून हजारो पटींनी कमी. पट्टे तरीही गेले. धक्का लागू शकतो, पण पट्टे जायला त्याची गरज नाही.

म.नं डोळ्यावर फुली मारली. शीर्षक अजून सोडत नाही.

११ फेब्रुवारी

कॉलेजचे एक निवृत्त सर आले होते, संस्कृत शिकवायचे. मुलांचं शीर्षक पाहून प्रसन्न झाले. “द्रष्टा आणि दृश्य वेगळे नाहीत, हे आपल्याकडे कधीच सांगून झालंय, बाई.”

सरांशी वाद घालायची माझी इच्छा नव्हती, आणि त्यांना थट्टेवारी नेणं तर मुळीच नाही. जाणिवेमुळे मोजमाप पूर्ण होतं, असं मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांनीही म्हटलंय. युजीन विग्नरनं १९६१ मध्ये हे लिहिलं. पुढे त्यानंच ते सोडलं. मी सरांना व्हिएन्नाचा २००४ चा प्रयोग सांगितला. ७० कार्बन अणूंचे रग्बीच्या चेंडूसारखे लांबट रेणू निर्वातातून एकेक पाठवले, पट्टे मिळाले. मग तेच रेणू आधी लेझरनं तापवून पाठवले. तापलेली वस्तू प्रकाश सोडते, तव्यासारखी, रेणूही सोडतो. जसजसा ताप वाढवला तसतसे पट्टे फिके होत मिटले. तो प्रकाश गोळा करायला कोणी बसलं नव्हतं. तो आजूबाजूला गेला आणि मी इथे होतो ही बातमी सोबत घेऊन गेला.

सर जरा वेळ थांबले आणि म्हणाले, “भिंतीला कान असतात म्हणतात, ते इथे खरं झालं म्हणा की.”

हे वाक्य मला डोळ्यापेक्षा कितीतरी जवळचं वाटलं. ‘निरीक्षण’ या आपल्या शब्दात ईक्षण आहे, पाहणं आहे, म्हणून कोणीतरी पाहणारा मनात येतोच. क्वांटममध्ये घडतं ते नोंद. हवेचा एक रेणू, भिंतीतला एक अणू, निसटलेला एक फोटॉन, यांतल्या कशावर तरी फरक उमटला की झाली नोंद. माणूस असो वा नसो. वेदान्ताचा प्रश्न वेगळा आहे आणि तोही मोठा आहे, एवढं सरांना म्हटलं. ते चहाला थांबले.

१८ फेब्रुवारी

आज जे सुचलं ते महिनाभर आधी का सुचलं नाही!

विज्ञान दिन म्हणजे रामन परिणामाचा दिवस, २८ फेब्रुवारी १९२८. रामन आपल्या नागपुरातही होते, १९१० मध्ये, अर्थखात्याच्या नोकरीत. गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात माझा प्रत्येक वर्ग जाऊन आलाय. आणि त्यांच्या शोधातच आमचं उत्तर आहे.

रामन आणि कृष्णन यांनी जांभळ्या काचेतून गाळलेला सूर्यप्रकाश शुद्ध द्रवात सोडला आणि हिरव्या काचेतून बाजूनं पाहिलं. हिरवी काच तो जांभळा अडवते, तरी द्रवात उजेडाची फिकट रेघ दिसली. डोळ्यांनीच पाहिली. विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलला होता, कारण त्यानं रेणूला थरथरत सोडलं आणि तेवढी ऊर्जा मागे ठेवली.

म्हणजे ज्या रेणूवरून तो फोटॉन गेला तो रेणू आता बदललेला आहे. बाकीचे सगळे होते तसे. नोंद द्रवातच राहिली! म्हणून रंग न बदलता विखुरलेला प्रकाश वेगवेगळ्या रेणूंकडून येऊन आपसांत जुळू शकतो, आणि रंग बदललेला जुळत नाही. रेणूगणिक सुटा पडतो. कोणता रेणू, हे कोणीही कधीही पाहणार नाही. तरी.

हे दोनच अणूंवर करून दाखवलेलं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत बोल्डरला पाऱ्याचे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सापळ्यात काही मायक्रोमीटर अंतरावर धरले आणि त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश पाहिला. आयनाची आतली अवस्था तशीच ठेवणाऱ्या प्रकाशात यंगचे पट्टे मिळाले. अवस्था बदलणाऱ्या प्रकाशात मिळाले नाहीत. दोन फटींच्या जागी दोन अणू, आणि वही अणूच्या पोटात.

रात्री हे मुलांच्या ग्रुपवर टाकलं. क.चं उत्तर आलं: “मॅडम, मले झोपच नाही येऊन राहिली.” मलाही नाही.

२१ फेब्रुवारी

पोस्टर. शीर्षक बदललं: ‘नोंद कुठे राहते?’ म.नं स्वतः सुचवलं.

पण आता तो दुसऱ्या टोकाला गेला. “म्हणजे सगळं आधीच ठरलेलं राहते, फक्त आपल्याला माहीत नसते.” क.नं लगेच संत्र्याचं उदाहरण काढलं. तिच्या घरची बाग आहे. संत्र आतून रसरशीत की सुकलेलं हे सोलल्यावर कळतं, पण सोलायच्या आधी ते ठरलेलंच असतं. फोटॉन तसाच का नाही?

इथे मला हळू जावं लागलं. आइन्स्टाइनला हेच हवं होतं, आणि चंद्र आपण पाहतो तेव्हाच असतो का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. जॉन बेलनं १९६४ मध्ये दाखवलं की फोटॉनच्या जोड्या जर अशा संत्र्यांसारख्या असतील, उत्तरं आतच घेऊन निघत असतील आणि दूरच्या जोडीदारावर तत्क्षणी काही परिणाम होत नसेल, तर मोजमापांच्या जुळणीला एक ठरावीक मर्यादा पडते. क्लॉझरनं १९७२ मध्ये, आस्पेनं १९८२ मध्ये मोजलं. मर्यादा ओलांडली गेली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर, आधीच्या प्रयोगांतल्या पळवाटा बुजवून, पुन्हा ओलांडली गेली. २०२२ चं नोबेल क्लॉझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना याच कामासाठी.

तेव्हा फोटॉन संत्र नाही. आणि सृष्टी आपल्या दृष्टीची गुलामही नाही. पोस्टरवर दोन्ही लिहायचं ठरलं, पहिल्याखाली क.नं सोललेलं संत्र काढलं.

चंद्राचं उत्तर मुलांनीच दिलं. त्याच्यावर सूर्याचा प्रकाश सारखा पडून उडतो आहे, दर क्षणाला असंख्य नोंदी. आपण न पाहिल्यानं त्याचं काय अडणार?

२८ फेब्रुवारी

सकाळपासून कोठीत रांग. अंधार हवा म्हणून दाराला वसतिगृहाच्या चादरी लावल्या. सगळ्यात जास्त गर्दी तिसरा पोलरॉइड स्वतः फिरवायला. सहावीतल्या एका मुलीनं तो चाळीस वेळा तरी फिरवला असेल. तिला हलवावंसं वाटेना.

एका पालकांनी विचारलं, याचा उपयोग काय. म.नं सांगितलं: गुप्त संदेश उघडायची किल्ली फोटॉनवर लिहून पाठवली आणि मधे कोणी चोरून वाचली तर चोराची नोंद फोटॉनवर राहते, १९८४ पासून ही पद्धत माहीत आहे, भारत सरकारनं २०२३ मध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं त्यात हेही काम आहे. मी हे त्याला शिकवलं नव्हतं.

लाटांच्या गणितात हा देखावा बसतो, हे आम्ही पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात ठळक लिहिलं होतं. विज्ञान संस्थेतून आलेल्या एका संशोधक विद्यार्थ्यानं ते वाचलं आणि क.शी पाऊण तास बोलत बसला.

२ मार्च

आवराआवर. क.नं जाता जाता विचारलं, “नोंद झाली म्हणून पट्टे गेले, हे समजलं मॅडम. पण फोटॉन भिंतीवर याच ठिकाणी पडला, शेजारी नाही, असं का?”

नोंदीच्या कल्पनेनं हे सुटत नाही. पट्टे का जातात ते ती सांगते. अनेक शक्यतांपैकी एकच हाती का येते ते सांगत नाही. बोहमनं १९५२ मध्ये एक उत्तर दिलं, एव्हरेटनं १९५७ मध्ये अगदी वेगळं, आणखीही आहेत, आणि भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तिला तसंच सांगितलं. ती खूश झाली, कारण तिला वाटलं होतं की आपल्यालाच कळलं नाही.

तार आणि दोन फिल्मची चौकट ती काटोलला तिच्या जुन्या शाळेत नेते आहे. पेन मी दिलं, सेल नवे घातले आहेत. डब्यावर चिठ्ठी चिकटवली: लेझर कोणाच्या डोळ्यावर मारू नये, पेन ४५ अंशांत, तार सुटली तर खालचं टोक आधी चिकटवायचं.